डोळे सरावेपर्यंत

खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला आमचे आजोळ आहे. पावसाळ्यात तिथे एकदा करंट गेला की तो सकाळीच येणार, हे धरूनच सगळे चालतात. लहानपणी मी चाचपडत बॅटरी शोधायला उठलो की आजी म्हणायची, "जरा थांब की रे, डोळे सरावू देत." हे सरावणे म्हणजे नेमके काय, हे मला पुष्कळ उशिरा समजले.

आपल्या दृष्टिपटलात मंद उजेडासाठी सुमारे 12 कोटी शलाका पेशी असतात, तर रंगांसाठी आणि बारकाव्यांसाठी सुमारे 60 लाख शंकू पेशी. शलाकांतील ऱ्होडॉप्सिन या रंगद्रव्यात 'अ' जीवनसत्त्वापासून तयार झालेला रेटिनल नावाचा एक वाकडा रेणू अडकवलेला असतो. प्रकाशकण आदळताच तो सरळ होतो, पेशीला इशारा मिळतो आणि कालांतराने रेटिनल सुटून रंगद्रव्य फिके पडते. ते पुन्हा पूर्ण भरून यायला अर्धा-पाऊण तास लागतो. आजीचे सरावणे ते हेच. हे जीवनसत्त्व आहारात फारच कमी पडले की रातांधळेपणा येतो. दृष्टीच्या या रसायनशास्त्रावरील कामासाठी जॉर्ज वॉल्ड यांना 1967 चे नोबेल विभागून मिळाले.

मला खरी गंमत वाटते ती पुढच्या गोष्टीची. अंधारात या पेशी स्वस्थ पडून असतील, असा माझा समज होता. तो साफ उलटा निघाला. अंधारातच त्यांच्यात सोडियमचा प्रवाह अखंड चालू असतो आणि त्या पुढच्या पेशींकडे ग्लुटामेट हे निरोप पोहोचवणारे रसायन सोडत राहतात. प्रकाश पडला की प्रवाहाची दारे मिटतात आणि ग्लुटामेट कमी होते, म्हणजे 'दिसले' हा निरोप पेशी गप्प होऊन देते.

परवा पडवीत बसून हे सगळे पडताळून पाहिले. तिन्हीसांजेला परसातली लाल जास्वंद पानांच्या आधी काळी पडली, कारण शलाकांना लाल उजेड जवळजवळ जाणवत नाही. अर्ध्या तासाने अंगणातले चुना लावलेले तुळशीवृंदावन दिसू लागले, पण थेट त्याच्याकडे पाहिले की ते विरून जाई आणि नजर शेजारच्या हौदावर ठेवली की पुन्हा कडेला उमटे. दृष्टिपटलाच्या ऐन मध्यावर शलाका नसतातच. भाच्याला हे दाखवावे म्हणून हाक मारली, तर तो मोबाइलचा टॉर्च माझ्या तोंडावर मारतच बाहेर आला. टॉर्च विझवल्यावर वृंदावनही नाही आणि हौदही नाही.