केमोचं सॉफ्टवेअर: कुठे वाकायचं आणि कुठे अजिबात नाही

कॅन्सरच्या ट्रीटमेंटसाठी सॉफ्टवेअर बनवायला बसलं की पहिल्याच मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतं "सिस्टिम फ्लेक्सिबल पाहिजे", सगळे माना डोलावतात, पण नेमकं काय फ्लेक्सिबल हे विचारायच्या भानगडीत कोणी पडत नाही. माझं मत विचाराल तर वेळापत्रक हवं तेवढं वाकू दे, सुरक्षेची मर्यादा मात्र तसूभरही हलता कामा नये. आणि होतं बरोब्बर उलटं, तारखा घट्ट बांधलेल्या आणि डोसच्या वॉर्निंगला "ओके" दाबलं की झालं!

उदाहरण घेऊ. ब्रेस्ट कॅन्सरमधलं एसी नावाचं रेजिमेन (कोणती औषधं, किती आणि कधी याचा ठरलेला आराखडा), म्हणजे डॉक्सोरुबिसिन ६० आणि सायक्लोफॉस्फमाइड ६०० मिलीग्रॅम शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला, साधारण दर २१ दिवसांनी, एकूण चार सायकल, म्हणजे चार फेऱ्या. नवा डेव्हलपर काय करतो, टेबलमध्ये चार तारखा टाकतो आणि मोकळा होतो. मग दुसऱ्या सायकलच्या सकाळी ब्लड रिपोर्ट येतो, न्यूट्रोफिल (इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) कमी, डॉक्टर म्हणतात आठवडाभर थांबू. आता फक्त ती एक तारीख नाही हलत, पुढच्या सगळ्या सायकल हलतात, त्याआधीच्या रक्ततपासण्या हलतात, केमोनंतर दुसऱ्या दिवशी द्यायचं पांढऱ्या पेशी वाढवणारं इंजेक्शन हलतं, डे केअरमधली खुर्ची हलते, फार्मसीला औषध कधी तयार करायचं तेही बदलतं. हे सगळं नर्सने हाताने बदलायचं म्हटलं तर एक जागा सुटणारच, आणि सुटली की तिकडे औषध तयार होऊन बसलेलं आणि इकडे पेशंट घरी.

म्हणून तारीख साठवायचीच नाही, "सायकल २, दिवस १" असं साठवायचं आणि तारीख मागची सायकल प्रत्यक्षात कधी झाली त्यावरून काढायची. २१ हा आकडासुद्धा कोडमध्ये नको, कारण हेच रेजिमेन डोस-डेन्स पद्धतीने, म्हणजे कमी अंतराने, १४ दिवसांनी पण देतात. आणि ठरलं काय होतं ते वेगळं, दिलं काय ते वेगळं. एकावर दुसरं लिहायचं नाही, नाहीतर सहा महिन्यांनी कोणी विचारलं डोस का कमी केला होता तर सिस्टिम म्हणणार कमी केलाच नव्हता.

डोसचं गणित हा अजून एक सापळा. बऱ्याच केमो औषधांचा डोस शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावरून ठरतो, ते काढायला मोस्टेलरचं १९८७ चं सूत्र आहे, उंची सेंटिमीटरमध्ये गुणिले वजन किलोमध्ये, भागिले ३६००, आणि त्याचं वर्गमूळ. उंची १६० आणि वजन ६० असेल तर साधारण १.६३ चौरस मीटर, म्हणजे डॉक्सोरुबिसिन ९८ मिलीग्रॅमच्या आसपास. ट्रीटमेंटमध्ये वजन ५२ वर आलं की तोच डोस ९१ होतो, त्यामुळे पहिल्या दिवशीचं वजन शेवटपर्यंत वापरणारी सिस्टिम गुपचूप जास्त डोस सुचवत राहते. बरं, आपण छान "मिलीग्रॅम प्रति चौरस मीटर" असा कॉलम केला की कार्बोप्लॅटिन येतं, ज्याला पृष्ठभागाशी देणंघेणं नाही, त्याचं कॅल्व्हर्टचं सूत्र किडनी किती गाळते त्यावर चालतं: एयूसी गुणिले (जीएफआर अधिक २५). एयूसी म्हणजे रक्तात औषध एकूण किती मिळावं त्याचं लक्ष्य, जीएफआर म्हणजे किडनीचा गाळण्याचा वेग. एयूसी ५ आणि जीएफआर ९० तर ५७५ मिलीग्रॅम.

इथे मोह होतो की सूत्रंच सेटिंगमध्ये टाकू, ज्याला हवं त्याने बदलावं. नका करू. सेटिंगच्या आत एक अर्धवट प्रोग्रामिंग भाषा तयार होते जिला ना टेस्ट ना रिव्ह्यू. सूत्रं कोडमध्ये, टेस्टसकट. रेजिमेन डेटामध्ये, व्हर्जन नंबर आणि दोन जणांच्या मंजुरीसकट, आणि नवी व्हर्जन आली म्हणून अर्ध्या ट्रीटमेंटमधल्या पेशंटची आपोआप बदलायची नाही.

आता न वाकणारा भाग. व्हिंक्रिस्टिन हे केमोचं औषध फक्त शिरेतून, पाठीच्या कण्यातून गेलं तर बहुतेक वेळा जीव जातो, म्हणून तिथे वॉर्निंग नको, तो पर्यायच स्क्रीनवर नको. ते सिरिंजऐवजी छोट्या बॅगेत द्या असं डब्ल्यूएचओ सांगते, तर लेबलही बॅगेचंच छापलं जावं. आणि नुसत्या सॉफ्टवेअरवर विसंबू नये हे थेरॅक-२५ नावाच्या रेडिएशन मशीनने १९८५ ते १९८७ मध्ये दाखवलंच आहे, आधीच्या मॉडेलमधली हार्डवेअरची कुलपं काढून काम सॉफ्टवेअरवर सोडलं होतं, सहा जणांना भयंकर ओव्हरडोस झाला आणि त्यात मृत्यूही झाले.

सगळ्यात अवघड केस डॉक्सोरुबिसिनची. हृदयावर परिणाम होतो म्हणून आयुष्यभराची मर्यादा असते, साधारण ४५० ते ५५० मिलीग्रॅम प्रति चौरस मीटर, छातीला रेडिएशन झालं असेल तर अजून कमी. आतापर्यंत दिलेल्या डोसची ही बेरीज सॉफ्टवेअरच्या रेजिमेन सांभाळणाऱ्या भागात ठेवून चालत नाही, रेजिमेन संपलं की ती शून्य होईल, ती पेशंटसोबतच राहायला हवी. आणि आधीची केमो दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये झाली असेल तर? फाइलमध्ये नुसतं "केमो झाली" एवढंच. तिथे रिकामा रकाना म्हणजे शून्य असं धरणारं सॉफ्टवेअर मी पाहिलंय. "माहीत नाही" ही वेगळी किंमत हवी, आणि ती असेपर्यंत डॉक्सोरुबिसिनची ऑर्डर पुढे जाऊ नये, जुने कागद मागवून कोणीतरी आकडा भरेपर्यंत.