केंदळहून हरेगावला मतमाउलीच्या पायी वारीत

कामासाठी पुण्या-मुंबईला गेलेला माणूस नाताळला गावी आला नाही तर आमच्याकडे चालवून घेतात, मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेला मात्र त्याला यावेच लागते. ८ सप्टेंबर हा पवित्र मरियेचा जन्मदिन. त्याच्या आसपासच्या शनिवार-रविवारी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हरेगावी, संत तेरेजा चर्चच्या आवारात ही यात्रा १९४९ पासून भरत आली आहे. राहुरी तालुक्यातल्या केंदळ-वळण भागातून आम्ही पायी जातो. येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरूंनी एकोणिसाव्या शतकात याच परिसरात काम सुरू केले, त्यामुळे आमचे धर्मग्राम (एका चर्चच्या कक्षेतला भाग, पॅरिश) जिल्ह्यातल्या जुन्यांपैकी एक आहे आणि वारीत इतर गावांचे लोक भेटले की आमची म्हातारी माणसे ते ऐकवल्याशिवाय राहत नाहीत.

वारीची तयारी नोव्हेनापासून, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेपासून सुरू होते. काही बायका त्या काळात एकवेळ जेवतात. निघण्याच्या पहाटे मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, झाली की मरियेची मूर्ती फुलांनी सजवलेल्या पालखीत ठेवतात आणि टाळ, ढोलकीच्या साथीने भजने सुरू होतात. काळ्या रानातली वाट सप्टेंबरात चिकट झालेली असते, चपलेला मातीचे पेंड चढते, म्हणून बरेचजण ती पिशवीत टाकून अनवाणीच चालतात. जपमाळेची प्रार्थना सांगतात ते निवृत्त मास्तर. पूर्वी फादर मिशनच्या मुख्य ठिकाणी राहत आणि घोड्यावरून किंवा बैलगाडीने अधूनमधून खेड्यात येत; मधल्या दिवसांत शाळा, रविवारची प्रार्थना, आजाऱ्याची विचारपूस आणि मयताची व्यवस्था हे सगळे मास्तरच पाहत असत. खेड्यातला आमचा धर्म फादरांनी आणला असला, तरी तो टिकवला मास्तरांनी आणि घराघरांतल्या आज्यांनी, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रवरा ओलांडून बेलापूर आणि मग श्रीरामपूर लागते. श्रीरामपूरच्या रेल्वे स्थानकाचे नाव अजूनही बेलापूरच आहे, त्यामुळे परगावचे पाहुणे दरवर्षी गोंधळतात. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले, कालव्यांचे पाणी खेळू लागले आणि हरेगावला बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्याभोवती उसाचे मळे पसरले. ख्रिस्ती झालेली आमची बहुतेक कुटुंबे मूळची महार-मांग वस्त्यांमधली, जवळपास भूमिहीन. त्यांतली कित्येक या मळ्यांवर मजुरीला गेली. पुढे जमीन सरकारी शेती महामंडळाकडे गेली, कारखानाही बंद पडला आणि पोटासाठी माणसे चहूकडे पांगली. यात्रेला ती पुन्हा एकत्र येतात, हे लक्षात घेतले म्हणजे तिथल्या गर्दीचा अर्थ लागतो.

दुपारी एका वस्तीवर थांबलो तेव्हा तिथल्या घरधनिणीने बाजरीच्या भाकऱ्या आणि ठेचा पुढे केला. ती वारकरी घरातली होती, गळ्यात तुळशीची माळ. "आमची दिंडी जाते तेव्हा तुमची माणसं पाणी देतात, मग तुम्हाला उपाशी कसं धाडायचं?" असे म्हणत तिने पालखीसमोर हात जोडले. आमच्यातल्या एका आजीने तिच्या नातवाच्या कपाळावर बोटाने क्रूस काढला. दोघींनाही त्यात काही वावगे वाटले नाही.

हरेगावात पोचल्यावर नवस फेडणाऱ्यांची रांग लागलेली असते. कुणी मेणबत्ती लावते, कुणी नवसाने झालेले मूल वेदीजवळ नेऊन फादरांचा आशीर्वाद घेते. आवाराबाहेर पाळणे, भेळ, बांगड्या, खेळणी यांची दुकाने. यात्रेची जत्रा झाली, अशी तक्रार काही शहरी मंडळी करतात. मला ती पटत नाही, कारण मावसबहिणींची गाठ याच दुकानांपुढे पडते आणि सोयरिकीची पहिली बोलणीही चर्चच्या भिंतीलगत सतरंजी टाकूनच होतात. यंदा आमच्या वारीतल्या एका मुलीचे स्थळ तिथेच पाहिले गेले. मुलाकडचे घोगरगावच्या बाजूचे होते. बाप्तिस्म्याचा दाखला कोणत्या धर्मग्रामातून आणायचा, लग्न नाताळाआधी लावायचे की नंतर, यावर दोन्हीकडच्या मामांचा चांगलाच वाद रंगला, आणि मिस्साची घंटा झाली तेव्हा तो दुसऱ्या दिवसावर ढकलला गेला.