आठव्या प्रश्नातलं शून्य

त्या दिवशी ओपीडीत मी खुशीत होते. ओरल सबम्युकस फायब्रोसिस, म्हणजे सुपारीमुळे गाल आतून ताठर होऊन तोंड उघडेनासं होतं तो आजार. त्यावरच्या माझ्या प्रबंधाच्या अभ्यासातला एक रुग्ण शेवटच्या तपासणीला आला होता. वय ३४, रिक्षाचालक, बारा वर्षं खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण. त्याला तोंड उघडायला लावून व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे अंतर मोजायची पट्टी, वरच्या-खालच्या पुढच्या दातांच्या कडांना टेकवली. २७ मिलिमीटर. पहिल्या दिवशी २१ होतं. गालातली इंजेक्शनं, घरी आइस्क्रीमच्या काड्या दातांत एकावर एक सरकवून करायचा व्यायाम, त्यानं काही म्हणता काही चुकवलं नव्हतं. दातखीळ बसल्यासारखा आलेला माणूस आज जांभई देऊ शकत होता.

मग प्रश्नावली. ओहिप-१४ (ओरल हेल्थ इम्पॅक्ट प्रोफाइल) म्हणजे गॅरी स्लेड यांनी ४९ प्रश्नांच्या मूळ प्रश्नावलीवरून १९९७ साली केलेली चौदा प्रश्नांची छोटी आवृत्ती. प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण, एकूण ५६. गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. तोंड किती उघडतं ते कॅलिपर सांगतो. त्या तोंडानं माणूस कसा जगतो, ते त्याचं त्यालाच विचारावं लागतं. बाहेर रांग होती, म्हणून मीच वाचत होते, मीच खुणा करत होते.

आठवा प्रश्न : तोंडाच्या त्रासामुळे जेवण मध्येच थांबवावं लागलं का?

“कधीच नाही, मॅडम.”

शून्य. मी नवव्याकडे वळले, तेवढ्यात दाराशी उभी असलेली त्याची बायको म्हणाली, “मॅडम, हे आमच्यात बसतच नाही जेवाले.”

पेन तिथंच थांबलं. तो खाली बघत म्हणाला, “वरण-भात पाणी टाकून पातळ करतो न् पिऊन घेतो. थांबाचं कामच नाही पडत. भाकर सोडून दोन वर्षं झाले. पंगतीत बसलो का लोकं पाहत राहतेत, म्हणून लग्नाले जातच नाही.”

म्हणजे उत्तर अगदी खरं होतं. थांबावं लागेल असं काही तो खातच नव्हता. ज्याचं जेवण मध्येच थांबतं, तो निदान भाकरीला हात तरी घालत असतो. आणि माझ्या तक्त्यात त्याचा त्रास याच्यापेक्षा जास्त दिसणार होता.

“मग मला आधी सांगितलं का नाही?”

“तुम्ही एवढी मेहनत घेता. तुमाले वाईट वाटन ना.”

हे मला फार लागलं. सुई टोचणारी मी, तोंड मोजणारी मी आणि “बरं वाटतंय का?” विचारणारीही मीच. त्याने माझ्या तोंडावर नाही म्हणायचं तरी कसं? प्रश्नावली पुण्या-मुंबईच्या मराठीत उतरवलेली, तीही मी घाईघाईनं वाचलेली. ‘फार क्वचित’ आणि ‘कधीकधी’ या उत्तरांतला फरक किती जणांना कळला, हे मी एकदाही पडताळलं नव्हतं.

संध्याकाळी प्रबंधाच्या गाईडकडे गेले. प्रमाणित प्रश्नावलीतले शब्द मनाला येतील तसे बदलता येत नाहीत, ते योग्यच आहे. नाहीतर दुसऱ्या अभ्यासांशी तुलनाच उरत नाही. म्हणून चौदा प्रश्नांना हात न लावता शेवटी एक मोकळा प्रश्न जोडायचा ठरलं : “तोंडापायी काय खायचं, काय करायचं, कुठं जायचं सोडलं?” विचारणार विभागातल्या समाजसेविका, तेही मी खोलीत नसताना. एथिक्स कमिटीची दुरुस्ती-मंजुरी येईपर्यंत नवे रुग्ण घेणं थांबवलं. प्रबंध लांबला. लांबू दे म्हटलं.

मंजुरी आल्यावर त्याला पुन्हा बोलावलं. समाजसेविका बाईंनी त्याच्याच शब्दांत लिहून घेतलेला कागद माझ्या हातात दिला. भाकर. ठेचा. पाणीपुरी. सासुरवाडीचं जेवण. आणि कागद संपत आला तिथं, समासात दाटीवाटीनं : “पोरीच्या वाढदिवसाले फुगे फुगवणं. गाल फुगतच नाही.”

पुढच्या वेळी तो आला तेव्हा मी कॅलिपर बाजूला ठेवला आणि आधी म्हटलं, “दादा, जरा गाल फुगवून दाखवा बरं.”