खिडकी

आज मटण कढईत पडायच्या आधीच सानूने स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. मी सांगितलं नव्हतं. अभ्यास करता करता उठली, काच ओढली, कडी घातली आणि परत वहीशी जाऊन बसली. "का गं?" म्हटलं तर म्हणाली, "वास वर जातो ना." कोणी सांगितलं? "कोणी नाही. मला माहितीये."

तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय. मला माहितीये.

जेवण घाईचंच होतं. कुर्ल्याहून म्हशीचं अंडरकट, म्हणजे पाठीकडचं मऊ मटण, आणलं होतं. अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवलं की जरा कडक होतं, सुरी नीट चालते. रेषांना आडवं आणि पातळ कापायचं, उभं कापलं तर चावून चावून जबडा दुखतो. सोया सॉस, मिरपूड, चमचाभर कॉर्नफ्लॉवर लावून ठेवायचं. मग कढई धुरावेपर्यंत तापवायची आणि मटण थोडं थोडंच टाकायचं. एकदम ओतलं की पाणी सुटतं आणि ते परतलं जातच नाही, शिजत बसतं. ते काढून गाजर, फरसबी, सिमला मिरची, मग मटण परत आत, शेवटी पातीचा कांदा. सगळं मोठ्या आचेवर. म्हणजे खिडकी उघडी हवीच. आज डोळे चुरचुरले, एक्झॉस्ट नुसता घरघरत राहिला, तरी मी ती उघडली नाही.

का नाही उघडली? बेकायदा तर काही नव्हतं. गाय १९७६च्या कायद्यानेच बंद होती, २०१५मध्ये बैल आणि वळूही बंद झाले. म्हशीचं आजही चालतं आणि आम्ही तेच आणतो. पण एवढ्याशा पोरीला कायदा कुठे माहीत? तिला वास कुठवर जातो ते माहीत. हे कधी शिरलं तिच्या डोक्यात? जिन्यात कुणी काही बोललं? की कुणी काहीच न बोलता?

घर शोधताना आम्ही काय काय ऐकलं ते आज नको. आपल्याच घरात आपलंच जेवण कोंडून करायचं, याचं फार वाईट वाटलं एवढंच.

आजीच्या अंगणात चान्या, म्हणजे मटणाच्या लांब पट्ट्या, दोरीवर वाळायच्या. आम्ही काठी घेऊन कावळे हाकायचो. कुणी काही लावून घ्यायचं नाही. किती मोकळं होतं सगळं, असं लिहिणार होते. पण वस्ती गावाबाहेर होती. लपवायचं कुणापासून, आजूबाजूला सगळे आपलेच. इथे वर अनूची आई राहते, सणाला ताट पाठवते, सानू तिच्याकडे झोपतेसुद्धा. एकमेकांच्या डोक्यावर राहतो म्हणून तर खिडकीचा प्रश्न. आजीला हा प्रश्न पडायची सोयच नव्हती. या दोहोंतलं एक निवडायचं झालं तर मी इथलंच निवडीन, धुरासकट.

सानू पोटभर जेवली. कढई पुसून खाल्ली आणि वर म्हणाली, "मम्मी, उद्या डब्यात दे ना." म्हणजे तिला खायची लाज वाटत नाही. हे कळल्यावर जीव जरा खाली बसला. शाळेचं काय ते सकाळी बघू. थोडं काढून ठेवलंय. फ्रिजमध्ये रस्सा गोठल्यासारखा होतो, चमचाभर पाणी घालून गरम करावं लागेल, आणि चपात्या जरा मोठ्या लाटायला हव्यात.