दोन खुर्च्या, एक वजनकाटा आणि बटांची वही

आमच्या पार्लरमधली सर्वांत जुनी वस्तू म्हणजे ग्रॅमचा वजनकाटा. खुर्च्या बदलल्या, आरसे बदलले, काटा तोच आहे. तो माझ्या भागीदारणीने पहिल्याच महिन्यात आणला होता. तेव्हा मी तिला म्हटलं होतं, "अगं, डोळ्यांनी अंदाज येतो की." ती काही बोलली नाही. वाटी काट्यावर ठेवून डेव्हलपर, म्हणजे रंगात कालवायचं पेरॉक्साइड, ओतायची, आकडा बघायची आणि थांबायची. तिचं ऐकलं असतं तर पुढचं ते वर्ष आमच्या वाट्याला आलं नसतं.

एक ग्राहक आल्या. केस तीनदा ब्लीच झालेले, हायलाइट्स फिक्या पिवळ्यापर्यंत गेलेले. त्यांना चेरी लाल हवा होता. भागीदारीण म्हणाली, डेमी घे, १.९ टक्क्यांचा डेव्हलपर लाव. डेमी म्हणजे केस न उजळवता नुसता रंग घालणारा सौम्य प्रकार. मला घाई होती आणि लाल टिकला पाहिजे असंही वाटत होतं. मी पर्मनंट रंग २० व्हॉल्यूममध्ये, म्हणजे सहा टक्क्यांच्या डेव्हलपरमध्ये, कालवला आणि मुळापासून टोकापर्यंत एकदम लावला. पस्तीस मिनिटं ठेवला. धुताना बोटांना कळलं. ओला केस हातात ताणला तर रबरासारखा लांबत गेला आणि तुटला. मुळाशी गडद मरून रंग, मधे भडक नारिंगी, टोकांना गुलाबी. बेसिनच्या जाळीत अडकलेला तो झुपका मी आजही विसरलेले नाही. त्या बाईंची माफी मागितली, पैसे घेतले नाहीत. पण केस परत कसे देणार?

ही गोष्ट सगळीकडे पोहोचली. ती पोहोचवण्यात समोरच्या मोठ्या सलोनचा हात होता, हे मी आजही म्हणेन. "तिकडे केस जाळतात," असं त्यांच्याकडची माणसं आमच्या ग्राहकांना नावानिशी सांगत होती. चूक माझी होती, ती मी कधी नाकारली नाही. पण एका डोक्यावरून अख्खं दुकान बदनाम करायचं? चार महिने दुसरी खुर्ची कापड टाकून झाकून ठेवली होती. भाडं थकलं. ड्रायर विकायला काढला.

त्या दिवसांत एक बँकेतल्या ताई येत राहिल्या. त्यांच्याही केसांत हायलाइट्स होते, वर राखाडी टोनर, म्हणजे ब्लीचचा पिवळेपणा झाकणारा हलका रंग. एके दिवशी म्हणाल्या, "मला लाल डोकं नकोय हो, नुसती लालसर झाक हवी. कराल?" माझा हात धजेना. त्यांनीच मानेवरची एक बारीक बट पुढे केली. "ही कापून घ्या, आधी हिच्यावर करून बघा."

ती बट आमच्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलेली आहे. लाल आलाच नाही, मळकट तपकिरी आला. राखाडी टोनरमधला निळा-हिरवा अंश लालाला मारतो, हे शिकताना पाठ केलं होतं, डोळ्यांनी त्या दिवशी पाहिलं. मग आधी क्लॅरिफायिंग शाम्पूने टोनर सैल केला आणि दुसऱ्या बटेवर कॉपर-रेड डेमी घेतला. १० ग्रॅम रंग, १० ग्रॅम क्लिअर, म्हणजे रंग फिका करणारा बिनरंगी डेमी, ४० ग्रॅम डेव्हलपर, १.९ टक्क्यांचा. दर पाच मिनिटांनी बट पुसून उजेडात धरली. पाचव्या मिनिटाला तांबूस. दहाव्याला हवी तशी झाक. पंधराव्याला टोकं गडद व्हायला लागली. ट्यूबसोबतच्या पत्रकात २० मिनिटं लिहिलं होतं. पण ब्लीच झालेल्या केसाचे खवले उघडेच असतात, तो रंग पितो आणि तितक्याच चटकन सोडतो. वेळ बटेला विचारायची, पत्रकाला नाही.

ताईंच्या डोक्यावर लावताना टोकं शेवटच्या तीन-चार मिनिटांसाठीच ठेवली. मूळ काळे केस जागचे हलले नाहीत, त्यांच्यावर फक्त उन्हात दिसेल अशी चमक आली. लाल दिसला तो हायलाइट्समध्ये. कंगवा केसांतून सरळ उतरला. त्या दिवशी संध्याकाळी भागीदारीण पाठ फिरवून बराच वेळ वाट्या धूत राहिली. मला वाटतं, रडत होती.

धंद्यातल्या मुलींना माझं सांगणं आहे, हायलाइट केलेल्या केसाला पुन्हा उचलायला, म्हणजे आणखी उजळवायला, जाऊ नका. जे काढायचं ते ब्लीचने आधीच काढलेलं असतं, आता फक्त घालायचं असतं. केसाचा स्वतःचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, साडेचार ते साडेपाच. पर्मनंट रंग नऊ-दहाच्या घरात. दुबळ्या केसाला तो झटका कशाला द्यायचा? डेमी नको असेल तर डेव्हलपरशिवायचा सेमी रंग कंडिशनरमध्ये पातळ करून लावा. पॅच टेस्ट, म्हणजे थोडा रंग कातडीवर लावून ॲलर्जी बघणं, ४८ तास आधी, ग्राहक कितीही जुनी असली तरी. फिक्या पिवळ्यावर जांभळट लाल घालताना सांभाळा, जांभळा पिवळ्याला मारतो आणि मग रंग मातकट होतो. ग्राहकांना स्पष्ट सांगा की लाल सगळ्यांत आधी उतरतो. दोन दिवस धुऊ नका, मग गार पाणी, सल्फेट नसलेला शाम्पू, तिसऱ्या-चौथ्या धुण्याला रंगाचा कंडिशनर. स्ट्रेटनर रोज फिरवलात तर दोष रंगाला देऊ नका.

पुढची वर्षं कामात गेली. दुसऱ्या खुर्चीवरचं कापड निघालं. भागीदारीण घर बदलून लांब गेली, काटा मात्र ठेवून गेली. "तुझ्याकडेच राहू दे, तुला लागतो," एवढंच म्हणाली.

एक गोष्ट मात्र अजून सलते. आमच्याकडे हात बसलेली एक मुलगी समोरच्यांनी नेली. चांगल्या पगारावर गेली, त्याचा राग नाही. पण वहीतल्या आठ-दहा पानांचे फोटो तिच्याबरोबर गेले. महिन्याभरात समोर फलक लागला, "हायलाइट्सवर लाल झाक, केसांना धक्का नाही." ज्यांनी आम्हाला केस जाळणारे ठरवलं, त्यांनीच आमची मापं वापरली. प्रमाण नेता येतं. बट कापून थांबायची सवय त्यांनी नेली का, ते त्यांच्या बेसिनलाच माहीत.

वहीत आता दोनशेच्या वर बटा आहेत. प्रत्येकीखाली ग्रॅम, मिनिटं, आधीचा टोनर. परवा बँकेतल्या ताई आल्या, निवृत्त झाल्यात आता. हायलाइट्समध्ये पांढरे मिसळलेत, म्हणून नवी बट घ्यावी लागली. पांढऱ्याने रंग उशिरा धरला, बारा मिनिटं लागली. मी वहीत लिहीत होते तेव्हा त्यांनी पहिलं पान उघडायला सांगितलं. चिकटपट्टी पिवळी पडली आहे. तिच्याखालच्या त्या तपकिरी बटेवर बोट ठेवून म्हणाल्या, "ही माझीच ना?"