आमची वाटचाल : जुन्या पितळेची दुकानदारी

बाबांनी नारायण पेठेत दुकान काढलं तेव्हा पाटीवर ‘सर्व्हे इन्स्ट्रुमेंट्स रिपेअर’ एवढंच होतं. पाटबंधारे, बांधकाम खातं, रेल्वे, इंजिनिअरिंग कॉलेजं. कुणाचा थिओडोलाइट (कोन मोजायचं यंत्र) पडला, कुणाच्या डम्पीची (जमिनीचा चढउतार मोजायची लेव्हल) नळी फुटली, की पेटी आमच्या दारात. 1961 च्या पानशेतच्या पुरात भांडीकुंडी घरात सोडून बाबा बीए टॅप-डायचा (आटे पाडायची हत्यारं; बीए म्हणजे जुन्या इंग्रजी यंत्रांतल्या स्क्रूंचं माप) सागवानी डबा डोक्यावर घेऊन पर्वतीवर चढले होते. आईने हे त्यांना शेवटपर्यंत ऐकवलं. डबा अजून माझ्या टेबलावर आहे.

पुढची चाळीसेक वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग टोटल स्टेशन आलं, सगळी मोजणी एकटं करणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र. दोन-तीन वर्षांत दुरुस्तीचं काम निम्म्यावर, नंतर पावावर. ज्या यंत्रांना आम्ही तीस तीस वर्षं तेलपाणी केलं, तीच खात्यांच्या लिलावातून मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात किलोवर आली. एका रविवारी मी कुक, ट्राउटन अँड सिम्सची लेव्हल पितळेच्या भावाने तराजूत बघितली आणि सरळ घरी घेऊन आलो. गोळा करणं तिथून सुरू झालं. छंद म्हणून नाही, रागाने.

बाबांकडे एक सिगारेटचा डबा होता. त्यात तारेच्या चिमट्यावर गुंडाळलेला कोळ्याचा धागा. दुर्बिणीतल्या क्रॉस-हेअरसाठी, म्हणजे नेम धरायच्या उभ्या-आडव्या रेघांसाठी. कोळी काडीवर घ्यायचा, हलकेच झटकायचा, तो खाली सुटला की मागचा धागा चिमट्यावर गोळा करत जायचं. मग रिंगवरच्या बारीक खाचेत धागा बसवून दोन्ही टोकांना लाखेचा एकेक थेंब. श्वास रोखून. फुंकर लागली की पहिल्यापासून. हे काम बाबांनी दोघांनाच शिकवलं, मला आणि त्या गृहस्थाला.

त्या गृहस्थाबद्दल लिहायचं नाही असं बायको म्हणते. पण त्याला वगळून ही वाटचाल पूर्ण होत नाही. नऊ वर्षं बाबांच्या हाताखाली होता. आमच्याकडे जेवला. 2003 साली दिवाळीचा बोनस घेऊन गेला, आणि गिऱ्हाइकांच्या पत्त्यांची वहीही त्याच आठवड्यात गेली. योगायोग असेल. वर्षभरात त्याने काचेची शोरूम काढली, वर पिवळे दिवे, पाटीवर ‘अँटिक’. आत सगळं नवं पितळ. रुडकीला अशा शोभेच्या वस्तू उत्तम बनतात आणि बनवणारे त्या नव्या म्हणूनच विकतात. त्यात काही गैर नाही. हा मात्र त्यांना अॅसिडचा हात देऊन काळं करायचा आणि ‘एका जहाजाच्या कॅप्टनच्या घरातून आलंय’ म्हणून सांगायचा. कॅप्टन किती आणि घरं किती, हिशेब लागत नव्हता.

2011 मध्ये कोकणातल्या एका रिसॉर्टला बावीस यंत्रं हवी होती. बोलणी आमच्याशी झाली, तोंडी होकारही आला. मी बायकोच्या पाटल्या गहाण टाकून एका लिलावातला सगळा लॉट उचलला: थिओडोलाइट, प्रिझमॅटिक कंपास, दोन सेक्स्टंट (जहाजावरून सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायचे), एक फॉर्टिन बॅरोमीटर (हवेचा दाब मोजायचा, पाऱ्यासकट; तो उभा आणायला वेगळा टेम्पो केला). तीन महिने रात्रंदिवस काम केलं. मालकसाहेब बघायला आले आणि म्हणाले, “अहो, पण हे जुनाट दिसतंय. त्यांचं बघा, कसं चमकतं!” ऑर्डर त्या गृहस्थाला गेली. माझ्या एक तृतीयांश भावात.

जुनाट दिसतंय! मूळ कारागिराने पितळ गरम करून मऊ केसांच्या ब्रशने स्पिरिटमधल्या लाखेचा हात दिलेला असतो. तो मधासारखा रंगच त्या वस्तूचं वय आणि मोल. तो घासून काढलात तर उरतो देवघरातला तांब्या. म्हणून सांगतो, विचारलं नसलंत तरी: चिंच, लिंबू, राख, बाजारातली पावडर, काही लावू नका. कोरडं मऊ फडकं पुरे. आणि बीएच्या भोकात एम-5 चा स्क्रू कोंबू नका. टू-बीए 4.7 मिलिमीटरचा असतो, आटे साडेसत्तेचाळीस अंशांचे, मेट्रिकचे साठ. बसल्यासारखा वाटतो, पण आतले आटे खाऊन टाकतो.

तर तो लॉट पडून राहिला. व्याज चढलं. दुकान खाली करायची तारीखसुद्धा ठरली होती.

साताऱ्याचे एक डोळ्यांचे डॉक्टर बाबांच्या वेळेपासून येत. मायक्रोस्कोप जमवायचे. मी त्यांना ‘सर’ म्हणायचो, ते मला ‘दुकानदार’. त्यांचा पहिला पीस वॉटसन अँड सन्सचा, नळीवर ‘313, हाय होलबॉर्न’ असा पत्ता कोरलेला. त्याच्या ऑब्जेक्टिव्हमधलं (खालच्या भिंगातलं) कॅनडा बाल्सम, म्हणजे काचा जोडायचा डिंक, पिवळं पडून कडेने नेच्याच्या पानासारखं सुटत आलं होतं. आधी दोन्ही काचांच्या कडेवर शिसपेन्सिलीने एक व्ही काढून घेतला, म्हणजे परत जोडताना त्याच दिशेला बसतात. मग कोमट पाण्यापासून हळूहळू तापवत नेलं. घाई केली तर काच तडकते. सुटल्यावर झायलीनने पुसून, एक थेंब नवं बाल्सम, बुडबुडा कडेला ढकलत दाबायचं. सरांनी त्यातून कांद्याचा पापुद्रा बघितला आणि दहा मिनिटं डोकं वर काढलं नाही.

त्या वाईट दिवसांत ते एक सेक्स्टंट घेऊन आले. आरसा हलतोय म्हणाले. मी पेचकस लावला तर सगळे स्क्रू मेट्रिक. वर नाव, ‘केल्विन अँड ह्यूज, लंडन, 1917’.

“1917 चा आहे ना?”

“सर, ही दोन नावं एकत्र आली 1947 साली.”

“म्हणजे?”

“म्हणजे लग्नाच्या तीस वर्षं आधीची पत्रिका आहे.”

ते हसले नाहीत. कुठून घेतला ते बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही. खोक्याच्या तळाला शोरूमचं लेबल होतं. किती दिले तेही सांगितलं नाहीत. नुसतं म्हणाले, “दुकानदार, हे तुम्ही लोकांना आधी का सांगत नाही?” पुढच्या आठवड्यात पाच मायक्रोस्कोप दुरुस्तीला धाडले, पैसे आगाऊ. मग त्यांचे मित्र आले, मित्रांचे मित्र आले. लॉटमधला बॅरोमीटर एका निवृत्त हवामानवाल्यांनी घेतला. पाटल्या दीड वर्षाने सुटल्या. दुकान आहे तिथेच आहे.

लोक पडलेलं यंत्र आणून तोंड पाडून बसतात, त्यांना मी बाबांची गोष्ट सांगतो. 1808 साली तंजावरच्या देवळावर चढवताना दोर तुटून सर्व्हेवाल्या लॅम्बटनसाहेबाचा अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट आपटला, वर्तुळ वाकलं. त्याने सहा आठवडे तंबूत बसून ते स्वतः सरळ केलं आणि पुढे त्याच यंत्राने देश मोजला. तुमची डम्पी काय चीज आहे!

आणखी एक. मुलगा अमेरिकेत आहे, आजोबांची दुर्बीण त्याला पाठवून देतो, असं महिन्यातून एकदा तरी कुणी म्हणतं. शंभर वर्षांपुढची वस्तू असेल तर थांबा. 1972 च्या पुरावस्तू कायद्यात विज्ञानाची साधनंही येतात, आणि पुरावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू तेवढी जुनी नसेल तर पुरातत्त्व खात्याकडून तसा दाखला घ्या, मग पार्सल बांधा. नुसतं ‘घरचीच आहे हो’ म्हणून कस्टम्स ऐकत नाही.

डॉक्टर 2018 ला गेले. त्यांच्या मुलीने वॉटसन माझ्याकडे ठेवायला दिला आहे. विकायला नाही. पावसाळ्यात सिलिका जेल बदलतो, बाकी हात लावत नाही.

गेल्या मार्गशीर्षात एक पोरगा पेटी घेऊन आला. आत कुकची लेव्हल, अस्सल, लाख शाबूत, फक्त क्रॉस-हेअर तुटलेले. कुणी पाठवलं विचारलं तर चाचरला. पेटीच्या आतल्या बाजूला तेच लेबल. सिगारेटच्या डब्यातून धागा काढला, एक उभा, एक आडवा, दुपार गेली. पोराला चहा दिला. बिल पूर्ण लावलं, रोख घेतलं, आणि पावतीवर त्या गृहस्थाचं नाव मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिलं.