चूल तीच, तवा सरकला: रियुनियन बेटावरचे आठ दिवस

हिंदी महासागरात मॉरिशसजवळ असलेल्या या बेटावर पहिल्या दिवशी फुर्नेझ ज्वालामुखी दिसलाच नाही. निवांत नाश्ता करून निघालो, घाटवळणं घेत २३११ मीटरवरच्या पा द बेलकोंब या ज्वालामुखीसमोरच्या कड्यावर पोचेपर्यंत साडेदहा वाजले आणि समोर सगळं पांढरं. जुलैत टकमक टोकावर उभं राहून "दरी इथेच असणार" म्हणावं, तसं. बायको म्हणाली, "धुकंच बघायचं होतं तर माळशेज काय वाईट होता?"

तेव्हा पहिला सल्ला हाच. ढग सकाळी नऊ-दहानंतर वर चढतात, म्हणून सूर्योदयाला काठावर हजर राहा. किनाऱ्यावरच्या हॉटेलातून ते जमणं कठीण. आदल्या रात्री वरच्या पठारावर, बूर-म्यूरा गावाजवळ मुक्काम करा. जुलै-ऑगस्टमध्ये पहाटे पारा शून्याच्या आसपास जातो. 'उष्ण कटिबंधातलं बेट' या शब्दांवर विश्वास ठेवून आम्ही एकेकच स्वेटर नेला होता, तो चुकीचा निर्णय.

इतक्या लांब ज्वालामुखी बघायला कशाला, असं घरी सगळ्यांनी विचारलं. उत्तर सह्याद्रीतच आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारताची भूमी उत्तरेकडे सरकताना पृथ्वीच्या पोटातल्या एका उष्ण स्थानावरून गेली, लाव्हाचे थरावर थर साचले आणि दख्खनचं पठार झालं, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. राजगडाचा कातळ त्यातलाच. चूल साधारण जागच्या जागी राहिली, वरचा तवा सरकत गेला. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस बेटांखालची रांग, पुढे मॉरिशस, हे सगळे त्याच चुलीचे डाग. आज ती रियुनियनखाली पेटलेली आहे. समुद्राचा तळ इथे सुमारे चार हजार मीटर खोल, म्हणजे पायथ्यापासून मोजला तर हा सात किलोमीटर उंचीचा डोंगर आहे. आपण फिरतो ते फक्त त्याच्या बालेकिल्ल्यावर.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला निघालो. वाटेत प्लेन दे साब्ल हे तांबूस राखेचं मैदान लागतं. गाडी थांबवा, पण वाऱ्यात दार नीट धरा. काठावरून सुमारे पाचशे पायऱ्या उतरल्या की आपण आंक्लो नावाच्या प्रचंड खळग्यात येतो. खाली फॉर्मिका लिओ नावाची लालसर टेकडी आहे. नाव मुंगीसिंह (अँटलायन) या किड्याच्या वाळूतल्या खड्ड्यावरून पडलं म्हणे, आणि आकार पाहिला की पटतं. तिथून पुढे कातळावर रंगवलेले पांढरे ठिपके हीच वाट. लाव्हा कुठे दोरखंड वळून ठेवल्यासारखा गुळगुळीत, तर कुठे फुटक्या काचेसारखा दातेरी. दातेरी भागात पडलात तर तळहात सोलून निघतो, माझा निघाला. सावली नाही, पाणी नाही. माणशी तीन लिटर पाणी घ्या आणि जाऊन-येऊन पाच-सहा तास धरा.

वर, ज्वालामुखीच्या माथ्यावरच्या दोलोम्यू विवराच्या काठावर बराच वेळ कोणी बोलत नव्हतं. एप्रिल २००७ मध्ये पोटातला शिलारस डोंगराच्या खालच्या कुशीतून फुटून समुद्राकडे वाहून गेला, आतली कोठी रिकामी झाली आणि या विवराचा तळ काही दिवसांत तीनशे मीटरहून अधिक खाली बसला. आपल्याकडचे कडे पावसानं लाखो वर्षं कोरून काढले. इथला कडा आमच्या मुलीपेक्षा वयानं लहान आहे.

२६३२ मीटरचं हे फुर्नेझ शिखर जगातल्या अतिजागृत ज्वालामुखींपैकी एक आहे, काही वर्षांत तर एकाहून जास्त उद्रेक होतात. पण उद्रेक बघायलाच म्हणून तिकीट काढू नका. डोंगर फुगतोय, हादरतोय असं बूर-म्यूराच्या वेधशाळेला दिसलं की पायऱ्यांवरचं फाटक बंद होतं आणि मग बाहेरच्या ठरलेल्या जागांवरूनच बघायचं. फाटक ओलांडून जाणारे महाभाग तिथेही असतात. निघण्याआधी रस्ता खुला आहे का, हे विचारूनच जा.

तिसरा दिवस पूर्व किनाऱ्याचा. ग्रां ब्रूले भागात डांबरी रस्ता लाव्हाचे एकामागून एक ओघ कापत जातो आणि कडेला वर्षांच्या पाट्या आहेत. ताज्या ओघावर राखाडी दगडफूल, त्याहून जुन्यावर नेचे, मग झुडपं, मग गच्च रान. रायगडला एकेक पायरी उतरावी तसे इथे मोटारीतून दशकं उतरत होतो. सेंत-रोझजवळच्या चर्चला १९७७ मध्ये लाव्हानं वेढा घातला, थोडा दारातून आतही आला आणि तिथेच थिजला. बाहेर काळा दगड अजून भिंतीला टेकलेला आहे. त्रांब्लेच्या किनाऱ्यावर वाळू मुठीत घेऊन उन्हात धरा: काळ्यात हिरवे कण चमकतात, ते ऑलिव्हिन नावाचं खनिज. पोहायला मात्र उतरू नका, लाटा वाईट आहेत. २००४ च्या ओघातली बोगद्यासारखी गुहा वाटाड्या घेऊनच बघता येते. गुडघे दुखत असतील तर सोडून द्या, बरंच रांगावं लागतं.

बेटाचा वायव्येकडचा अर्धा भाग म्हातारा. ३०७० मीटरचं नेज शिखर हाही ज्वालामुखीच, पण किमान बारा हजार वर्षं शांत आहे. त्याच्या भोवतीचे सिलाओस, माफात आणि सालाझी हे तीन अजस्र वाडगे म्हणजे ज्वालामुखीची विवरं नाहीत, हे मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हतं. डोंगराच्या कुशी कोसळल्या आणि पावसानं त्या कोरत नेल्या. पाऊस तरी कसला! जानेवारी १९६६ मध्ये फॉक-फॉक इथे चोवीस तासांत १८२५ मिलिमीटर पडला, तो जागतिक विक्रम आहे. म्हणून डिसेंबर ते मार्च टाळा, मे ते नोव्हेंबर बरा. सिलाओसच्या रस्त्याला चारशेहून अधिक वळणं आहेत आणि मोठ्या पावसात दरडी येतात. गाडी लागणाऱ्यांनी आवळासुपारी जवळ ठेवावी, तिथे मिळत नाही. या रस्त्याकडेच्या जुन्या खडकात पोकळ्या पांढऱ्या खनिजांनी भरलेल्या दिसल्या, आणि क्षणभर पुण्याजवळच्या दगडखाणीत उभा आहे असं वाटलं. सिलाओसला गरम पाण्याचे झरे आहेत. डोंगर निजला असला तरी अंगात ताप आहे.

माफातला गाडीरस्ताच नाही. कोल दे बफ खिंडीतून दोन तास चालत ला नूव्हेल वाडीवर गेलो. मळ्यातून पळालेले गुलाम या कड्यांच्या आडोशाला येऊन राहिले होते. सपाट तुकडा दिसेल तिथे वस्ती, अगदी आपल्या माचीवरच्या धनगरवाड्यासारखी. मुक्कामाची जागा आधी ठरवा आणि रोख युरो न्या. शाकाहारी असाल तर चिंता नको: भात, मसूर, पालेभाजी आणि ठसका लागेल अशी मिरची सगळीकडे आहे. सिलाओसच्या बारीक मसुरांवर तर आम्ही दोन दिवस काढले.

शेवटचे दोन दिवस पश्चिम किनाऱ्यावर. ताजा लाव्हा इकडे पोचत नाही, त्यामुळे पोवळ्यांना वाढायला सवड मिळाली आणि एर्मिताजला पांढरी वाळू नि उथळ शांत पाणी आहे. पोहायचं ते पोवळ्यांच्या भिंतीच्या आतच. बाहेर शार्क आहेत, बंदीच्या पाट्या गंमत म्हणून लावलेल्या नाहीत.

आम्ही मॉरिशसमार्गे गेलो, तिथून विमानाला पाऊण तास लागतो. बेट फ्रान्सचं असलं तरी शेंगेन क्षेत्रात येत नाही, तेव्हा व्हिसा काढताना रियुनियनचं नाव स्पष्ट सांगून नियम तपासा. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवायची. बसनं किनारे होतात, पण पहाटेच्या ज्वालामुखीला स्वतःची गाडीच हवी. आणि दगड उचलून आणू नका, हे राष्ट्रीय उद्यान आहे. तसाच दगड हवा असेल तर तो सिंहगडाच्या वाटेवर पडलेला आहे, थोडा जुना इतकंच.